लोहारपुत्र मायकेल फॅराडे आणि दख्खनचे पोलाद



मायकेल फॅराडे हे नाव ऐकताच शाळेची पायरी चढलेल्या प्रत्येकाला वीज आठवते, आणि ते योग्यच आहे. आज आपल्या घरात जो दिवा लागतो, पिठाच्या गिरणीचा जो पट्टा फिरतो, त्या सर्वांच्या मुळाशी ह्या महापुरुषाने १८३१ साली लावलेला शोध आहे. परंतु आपल्या वार्षिक स्मरणिकेत त्याचे चरित्र द्यावे असे मला वाटले, त्याचे कारण निराळे आहे. फॅराडे हा लोहाराचा मुलगा होता, लोहाराचा धाकटा भाऊ होता. आणि शास्त्रज्ञ म्हणून त्याने आरंभीच्या काळात जे मोठे संशोधन हाती घेतले ते विजेचे नसून सुरी, वस्तरा आणि शस्त्रवैद्याची हत्यारे ज्या पोलादाची करतात त्या पोलादाचे होते. त्या संशोधनाची सुरुवात तर आपल्याच दख्खनच्या भूमीतून गेलेल्या पोलादाच्या गोळ्यापासून झाली.

येथे स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मी पाचवीत असताना वर्गात वडिलांचा धंदा विचारला गेला. माझी पाळी आली तेव्हा मी शेती असे सांगितले. आमच्या नावावर शेताचा तुकडाही नव्हता. वडिलांची लोहारशाळा शाळेपासून हाकेच्या अंतरावर होती, आणि मी उत्तर देत होतो त्या वेळी त्यांच्या घणाचा आवाज वर्गात स्पष्ट ऐकू येत होता. पुढे शिक्षक झाल्यावर मी पुष्कळ वर्षे मुलांना फॅराडेचा पाठ शिकविला. त्या पाठात तो गरीब होता, पुस्तके बांधीत होता, एवढे होते. बाप लोहार होता हे नव्हते. ते मला बऱ्याच उशिरा, निवृत्तीच्या अलीकडेपलीकडे, वाचनात आढळले.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स येथे झाला. त्याचे वडील जेम्स हे उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ मुलखातले लोहार. धंद्याच्या आशेने ते राजधानीत आले. पण प्रकृती साथ देईना. घण उचलणाऱ्याचे शरीर खचले की घराचे काय होते हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले आहे. चार मुले, तबेल्यावरच्या माडीवर बिऱ्हाड, आणि १८०१ साली धान्य महाग झाले तेव्हा लहानग्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई. तोच त्याने सात दिवस पुरवावयाचा. सॅन्डेमनियन नावाच्या एका लहान ख्रिस्ती पंथाचे हे कुटुंब होते. साधेपणा आणि परस्परांस मदत ह्या त्या पंथाच्या शिकवणुकीस फॅराडे मरेपर्यंत धरून राहिला.

लिहिणे, वाचणे आणि थोडे गणित ह्यापलीकडे त्याचे शिक्षण झाले नाही. १८०४ साली तो रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून राहिला आणि पुढल्या वर्षी पुस्तकबांधणी शिकण्यास सात वर्षांच्या कराराने उमेदवार झाला. मालक भला माणूस होता. बांधावयास आलेली पुस्तके मुलगा वाचतो हे पाहून त्याने कधी कपाळास आठी घातली नाही. विश्वकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट ह्या बाईंनी रसायनशास्त्रावर लिहिलेले सोपे पुस्तक अशा प्रकारे त्याच्या हाती पडले.

१८१० साली शहरात टेटम नावाचे गृहस्थ विज्ञानावर रात्रीची व्याख्याने देत असत. एका व्याख्यानाची फी एक शिलिंग. उमेदवाराच्या खिशात शिलिंग कोठून असणार? ते त्याला थोरला भाऊ रॉबर्ट देई. रॉबर्टने बापाचा धंदा उचलला होता. तो लोहारकाम करी. त्याच वर्षी वडील वारले. घराचा भार ज्याच्या खांद्यावर आला त्या भावाने धाकट्याच्या व्याख्यानांसाठी शिलिंग बाजूला काढावे, ही गोष्ट मला फॅराडेच्या सर्व शोधांइतकीच मोठी वाटते. अशी बारा-तेरा व्याख्याने त्याने ऐकली.

पुढचा भाग बहुतेकांस ठाऊक आहे. १८१२ साली रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हंफ्री डेव्ही ह्यांची चार व्याख्याने ऐकण्याची संधी एका गिऱ्हाइकाच्या कृपेने मिळाली. त्यांची टिपणे सुवाच्य लिहून, स्वतःच्या हाताने बांधून त्याने डेव्हींकडे पाठविली, आणि १८१३ च्या मार्चमध्ये आठवड्याला २५ शिलिंग पगार व माडीवरच्या दोन खोल्या ह्यांवर तो तेथे साहाय्यक झाला. त्याच साली डेव्हींबरोबर तो युरोपच्या प्रवासास निघाला. ह्या प्रवासात डेव्हींच्या पत्नीने त्याला नोकरासारखे वागविले हे खरे; पण फ्लॉरेन्सला प्रचंड भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळला गेला, आणि हिरा म्हणजे शुद्ध कोळशाचेच रूप हे त्याने प्रत्यक्ष पाहिले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी; पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता मुख्य विषयाकडे वळू.

दक्षिण हिंदुस्थानात, विशेषतः आजच्या तेलंगण, कर्नाटक व तमिळनाडू ह्या प्रदेशांत, प्राचीन काळापासून मुशीतले पोलाद तयार होत असे. कानडीत त्यास उक्कू म्हणतात. इंग्रजांच्या कानी ते वुट्झ असे पडले. कृती ऐकण्यास साधी आहे. घडीव लोखंडाचे तुकडे, तरवडाची वाळलेली लाकडे आणि रुईची पाने मातीच्या लहान मुशीत घालून तोंड मातीने लिंपून बंद करावयाचे. अशा पुष्कळ मुशी एकत्र रचून भात्यांनी तास न् तास आच द्यावयाची. मग सावकाश थंड होऊ द्यावयाचे. मूस फोडली की आत पोलादाचा गोळा. लाकूड व पाने ह्यांतला कार्बन लोखंडात उतरतो आणि त्याचे प्रमाण शेकडा दीडच्या आसपास जाते. निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम् येथे हे गोळे घेण्यास इराणचे व्यापारी स्वतः येऊन राहत. ह्याच पोलादाच्या तलवारी व खंजीर पश्चिम आशियात घडले आणि पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असलेले ते पाते दमास्कसचे म्हणून जगभर गाजले. पाते दमास्कसचे, पण पोलाद दख्खनचे. ज्या लोहारांनी ते केले त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणी टिपून ठेवले नाही.

१७९४ च्या सुमारास मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट ह्यांनी ह्या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स ह्यांजकडे पाठविले. पुढल्या वर्षी जॉर्ज पिअर्सन ह्यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या मथळ्यातच हे पोलाद मुंबईस तयार होते असे छापले आहे. माल मुंबईच्या बंदरातून गेला म्हणून तो मुंबईचा ठरला! ह्या नमुन्यांपैकी एक तुकडा बँक्स ह्यांच्या इच्छेवरून जेम्स स्टोडार्ट ह्या कारागिराने घडवून त्याची लेखणी तासण्याची लहान सुरी केली.

स्टोडार्ट हे लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर दुकान असलेले सुरीकार होते. वस्तरे, सुऱ्या आणि शस्त्रवैद्यांची हत्यारे करीत. इंग्रज कारागीर हे पोलाद घेत नसत, कारण नेहमीसारखे लालबुंद तापवून घणाखाली धरले की ते फुटे, भुगा होई. स्टोडार्टनी ते इतकेच तापविले की अंधारात जेमतेम तांबूस दिसावे, आणि तेवढ्या कमी आचेवर, वेळ व मेहनत न मोजता, हळूहळू घडविले. लोहारशाळा अंधारी का ठेवतात हे आपल्या घरांत सांगावे लागत नाही. माझे वडील खिडकीवर गोणपाट टाकीत, कारण उजेडात लोखंडाचा रंग खोटा दिसतो. त्या सुरीला जी धार आली ती पाहून हे पोलाद पुष्कळ कामांस इंग्लंडातील कोणत्याही पोलादाहून सरस आहे असे स्टोडार्टचे मत झाले. पुढे आपली हत्यारे हिंदी पोलादाची आहेत असे ते दुकानाच्या जाहिरातीतच सांगू लागले.

ह्या स्टोडार्टची आणि फॅराडे ह्यांची जोडी १८१८ च्या सुमारास जमली. एक अठ्ठावन्न वर्षांचा मुरलेला कारागीर, दुसरा सत्तावीस वर्षांचा रसायनज्ञ. पोलादात नेमके काय असते की ज्याने धार टिकते, आणि त्यात आणखी काही मिसळल्यास ते सुधारते काय, हा त्यांचा प्रश्न होता. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळघरात कोकची भट्टी उभी राहिली. एका मोठ्या मुशीत दुसरी मूस बसवून केलेली ती भट्टी भाता चालू होताच इतकी तापे की शुद्ध लोखंडही पाव तासाच्या आत वितळे. लोहाराच्या मुलाने बापाचा भाता सोडला असे लोक समजत होते; तो असा भलत्याच ठिकाणी पुन्हा त्याच्या हाती आला.

त्यांनी काय काय मिसळून पाहिले नाही? चांदी, सोने, प्लॅटिनम, पॅलेडियम, निकेल, क्रोमियम, तांबे, कथील. ऱ्होडियम हा अत्यंत दुर्मिळ धातू तर त्याचा शोध लावणाऱ्या वुलस्टन ह्यांनीच त्यांना दिला. चांदीची गंमत अशी की पाचशे भाग पोलादास एक भाग चांदी घातली तर ती नीट एकजीव होते आणि पोलाद उत्तम बनते. जास्त घातली तर थंड होताना तिचे मणी बाहेर फुटतात. ऱ्होडियमच्या पोलादाचे वस्तरे अप्रतिम झाले. घडविलेल्या पात्यास पाणी दिल्यावर त्याचा ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा बेताने तापवावे लागते. ही आच दख्खनच्या पोलादास उत्तम इंग्रजी पोलादापेक्षा ४० अंश फॅरनहाइट अधिक लागे, आणि ऱ्होडियमच्या पोलादास त्याहूनही ३० अंश अधिक. म्हणजे कठीणपणात दख्खनच्या गोळ्याने इंग्रजी पोलादास मागे टाकले होते, आणि त्याला मागे टाकण्यास जगातील दुर्मिळ धातू आणावा लागला. ह्या पोलादाचे वस्तरे फॅराडे पुढे आपल्या मित्रांस भेट देत असत.

१८१९ साली त्यांनी दख्खनच्या पोलादाच्या पृथक्करणावर निबंध लिहिला. १८२० व १८२२ साली स्टोडार्टबरोबर मिश्र पोलादांवर दोन निबंध प्रसिद्ध केले. शेफील्डच्या कारखान्यातही मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाले. पण सप्टेंबर १८२३ मध्ये स्टोडार्ट वारले आणि हे काम मंदावून थांबले. ज्याचे हात ऐरणीवर बसलेले होते तो गेला, हे मला त्याचे मुख्य कारण वाटते. तोवर फॅराडेंचे मनही विजेकडे ओढले गेले होते, हे दुसरे.

मोठ्या माणसाचे चरित्र लिहिताना त्याच्या चुका झाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती मला पसंत नाही. दख्खनच्या पोलादाचे रहस्य शोधताना फॅराडे चुकले. त्यांना त्या गोळ्यात ॲल्युमिनियमचा अंश आढळला आणि लहरींच्या नक्षीचे श्रेय त्यांनी त्यास दिले. तसे मिश्रण करून त्यांनी जो गोळा बनविला तो मुंबईहून येणाऱ्या उत्तम पोलादासारखाच दिसतो असेही त्यांनी नमूद केले. पुढील पृथक्करणांत ते ॲल्युमिनियम इतरांना सापडेना. हिरा म्हणजे कार्बन हे ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याच्या लक्षात ह्या बाबतीत कार्बनची सगळी करामत आली नाही. मात्र त्यांचे निबंध वाचूनच पॅरिसमध्ये ब्रेआँ ह्यांनी प्रयोग आरंभिले आणि नक्षीचे मूळ कार्बनच्या जास्त प्रमाणात आहे हे दाखविले. रशियात उरल पर्वतातील झ्लातौस्त येथे अनोसोव ह्या कारखानदार अधिकाऱ्याने अनेक वर्षे खपून नक्षीदार पाती स्वतः तयार केली आणि १८४१ साली आपली कृती छापली.

तरीही शेवटची गाठ सुटली नव्हती, कारण तीच कृती करूनही कधी नक्षी उमटे, कधी नाही. ती गाठ विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सुटली. व्हरहोवेन हे धातुशास्त्राचे प्राध्यापक आणि अल्फ्रेड पेंड्रे हे घोड्यांना नाल ठोकणारे व हौसेने सुऱ्या घडविणारे लोहार, ह्या दोघांनी मिळून दाखविले की लोखंडात व्हॅनेडियमसारख्या धातूचा अत्यल्प अंश, हजारात एकाहूनही कमी, असला आणि पाते कमी आचेवर पुन्हा पुन्हा घडविले, तरच ती लहर उमटते. विशिष्ट खाणीच्या लोखंडाला तो अंश निसर्गतःच मिळालेला होता. खाण बदलली, व्यापार बुडाला आणि आपल्या कारागिरांच्या हातची विद्या गेली. पुन्हा एक प्राध्यापक आणि एक लोहार अशीच ती जोडी होती, हे वाचून मला स्टोडार्टची आठवण झाली.

आणखी एक गोष्ट त्यांच्या हातून थोडक्यात निसटली. क्रोमियम त्यांनी पोलादात शेकडा एक आणि शेकडा तीन ह्या प्रमाणात मिसळले. ते सुमारे बारा झाले असते आणि कार्बन कमी असता, तर न गंजणारे पोलाद, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले स्टेनलेस स्टील, शंभर वर्षे आधी हाती आले असते. ते पुढे १९१३ साली शेफील्डच्या ब्रिअर्ली ह्यांना साधले.

पुढील आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण ते सर्व पुस्तकांत आहे. १८२१ साली सारा बार्नार्ड ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसार सुखाचा झाला, मूल मात्र नव्हते. त्याच वर्षी विजेच्या योगाने तार चुंबकाभोवती फिरते हे त्यांनी दाखविले. १८२४ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८२५ साली बेन्झीन शोधले. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर गुंडाळलेल्या तारांनी चुंबकापासून वीज मिळते हे सिद्ध झाले. ते कडेही लोखंडाचेच! मुलांसाठी नाताळात त्यांनी दिलेली व्याख्याने, विशेषतः मेणबत्तीवरची, अजून वाचली जातात. सरदारकी त्यांनी नाकारली. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद नाकारले. कारखानदारांस सल्ला देऊन गडगंज पैसा मिळाला असता तोही सोडला.

अतिश्रमाने १८४० च्या सुमारास त्यांची प्रकृती ढासळली. स्मरण दगा देऊ लागले. विश्रांतीसाठी १८४१ च्या उन्हाळ्यात पत्नी व मेहुण्यासह ते स्वित्झर्लंडला गेले. सृष्टिसौंदर्यासाठी लोक जेथे जातात त्या इंटरलाकेन गावी, बर्फाच्छादित शिखरे समोर असता, हे जगद्विख्यात गृहस्थ एका लोहारशाळेपुढे उभे राहून खिळे कसे घडवितात ते पाहत राहिले. आपल्या दैनंदिनीत त्यांनी त्या कामाची नोंद केली; ते पाहणे फार सुबक व देखणे वाटले असे लिहिले; आणि आपल्याला लोहारशाळा व लोहारकामाशी संबंध असलेली प्रत्येक गोष्ट प्रिय आहे, कारण आपले वडील लोहार होते, असेही लिहिले. वय पन्नासाच्या घरात, कीर्ती सर्व युरोपभर, आणि ती वही कोणी वाचावी अशी अपेक्षाही नसावी. हे वाचले त्या रात्री मला पाचवीचा वर्ग आठवला आणि बराच वेळ झोप आली नाही. वडील तेव्हा हयात नव्हते.

अखेरची वर्षे त्यांनी राणीने राहण्यास दिलेल्या हॅम्पटन कोर्टजवळच्या घरात काढली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी, अभ्यासिकेत खुर्चीवर बसले असताना, त्यांचे देहावसान झाले. राजेरजवाडे जेथे विसावतात त्या वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन होणे त्यांना नको होते. हायगेटच्या स्मशानभूमीत नाव व तारखा एवढेच कोरलेल्या साध्या दगडाखाली ते आहेत.

पोलादाचे ते प्रयोग लोक जवळजवळ विसरले होते. विजेच्या शोधाची शताब्दी १९३१ साली होती; त्या सुमारास शेफील्डचे प्रसिद्ध पोलादतज्ज्ञ सर रॉबर्ट हॅडफील्ड ह्यांना लंडनच्या विज्ञान संग्रहालयात एक लाकडी पेटी असल्याचे कळले. पेटीवर पोलाद आणि मिश्रधातू एवढीच चिठ्ठी होती. आत तळघरातल्या भट्टीतून निघालेले एकोणऐंशी लहान लहान तुकडे होते. शंभर वर्षे कोणी त्यांस हात लावला नव्हता. हॅडफील्डनी परवानगी घेऊन प्रत्येकातून तपासणीपुरता अंश काढला, त्यांचे पृथक्करण केले आणि त्याच वर्षी त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. प्लॅटिनमचे, ऱ्होडियमचे, क्रोमियमचे तुकडे एकेक करून ओळखू आले. मिश्र पोलादाच्या विद्येचा पाया घालणारा हाच पुरुष, असा निर्वाळा त्यांनी दिला. उरलेले तुकडे नीट पुसून, ज्याच्या त्याच्या जागी, पुन्हा पेटीत ठेवण्यात आले.